पायोरियात दाताभोवतीच्या स्टेम सेल्स मरून जातात का?

तुमचा प्रश्न असा: दाढेपाशी 6 मिमीचं पॉकेट (हिरडी दातापासून सुटून झालेली खोल फट) आहे, डॉक्टर म्हणतात गेलेलं हाड परत येणार नाही. पण दाताभोवती स्टेम सेल्स, म्हणजे नव्या ऊती घडवू शकणाऱ्या मूळ पेशी, असतात असं तुम्ही वाचलंय. मग पायोरियात त्या मरतात का? मरत नसतील, तर हाड भरून का येत नाही?

मरत नाहीत. निदान सगळ्या तर नाहीतच. मी हिरड्यांची डॉक्टर आहे आणि शिकत असताना बराच काळ याच पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दाताचं मूळ हाडाला थेट चिकटलेलं नसतं. मध्ये तंतूंचा जेमतेम 0.2 मिमी जाडीचा थर असतो. त्याला पेरिओडॉन्टल लिगामेंट म्हणतात. एका टोकाला हे तंतू मुळावरच्या सिमेंटम नावाच्या कठीण थरात रुतलेले असतात, दुसऱ्या टोकाला हाडात. घास चावताना दात किंचित दबून परत वर येतो तो या थरामुळे. 2004 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी, काढून टाकलेल्या अक्कलदाढांच्या मुळांवरच्या याच थरात स्टेम सेल्स असल्याचं दाखवलं. त्या पेशी उंदरांच्या शरीरात ठेवल्यावर सिमेंटमसारखा थर आणि लिगामेंटसारखी ऊती तयार झाली.

आम्हीही तसंच करायचो. काढलेल्या दाताच्या मुळाचा फक्त मधला भाग ब्लेडने खरवडायचा, कारण वरच्या भागातून हिरडीच्या पेशी मिसळतात. नखावर मावेल एवढा ओलसर, गुलाबी कीस निघतो. तो एन्झाइममध्ये सुटा करायचा आणि पेशी फ्लास्कमध्ये सोडायच्या. आठ-दहा दिवसांत तळाला लांबुळक्या पेशींची बेटं दिसू लागतात. पुढे हाड बनवायला लावणारी द्रव्यं घालून तीन-चार आठवडे थांबायचं आणि अलिझारिन रेडने रंगवायचं. कॅल्शियम साठला असेल तिथे लाल रंग धरतो.

निरोगी दाताच्या पेशींची डिश गडद लाल व्हायची. पायोरियाने हलायला लागलेल्या दाताच्या पेशी भराभर वाढायच्या, फ्लास्क लवकर भरायचा, पण रंगवल्यावर डिश फिकी, कुठेकुठे चार ठिपके. पहिल्यांदा मला वाटलं रंगच नीट तयार झाला नाही. पुन्हा सगळं केलं, पुन्हा तेच. अनेक प्रयोगशाळांना असंच दिसलं आहे: पेशी जगतात, वाढतात, पण हाड घडवण्याचं काम त्यांच्याकडून पूर्वीसारखं होत नाही.

याचं कारण सूज. पॉकेटमध्ये पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारखे जंतू असतात. त्यांच्याशी लढायला शरीर टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-1 अशी रसायनं सोडतं. स्टेम सेल्स दिवसरात्र त्यात भिजत राहतात आणि पेशीतले जे संकेत 'आता हाड बनव' म्हणतात तेच बिघडतात. त्याच वेळी रँकल नावाचं प्रथिन वाढतं आणि हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी कामाला लागतात. म्हणजे भरणारे हात थंडावलेले आणि खणणारे जोरात.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. निरोगी लिगामेंटच्या स्टेम सेल्स प्रतिकारशक्तीच्या टी पेशींना आवरून धरतात, सूज हाताबाहेर जाऊ देत नाहीत. आजारी दाताच्या पेशींची ही ताकद कमी झालेली आढळते. सुजेने पेशी बिघडतात आणि बिघडलेल्या पेशींना सूज आवरत नाही. हे चक्र आपोआप थांबत नाही. म्हणूनच पायोरिया दुखत नसला तरी थांबून पाहू नका, असं मी प्रत्येकाला कळकळीने सांगते.

आता प्रश्नाचा दुसरा भाग. मुळाची खोल सफाई केली की सूज उतरते, मग तरी हाड का येत नाही? कारण तिथे शर्यत लागते. हिरडीच्या आतल्या अस्तराच्या पेशी सगळ्यांत वेगाने सरकतात. लिगामेंटच्या पेशी पोहोचायच्या आत त्या मुळावर पसरतात आणि जागा अडवून बसतात. हिरडी मुळाला चिकटते, पॉकेट कमी होतं, दात वाचतो, पण गेलेलं हाड आणि तंतू बहुतांशी परत येत नाहीत. मुळावर आधी कोणत्या पेशी पोहोचतात यावर जखम कशी भरणार हे ठरतं, हा विचार संशोधक मेल्चर यांनी 1976 मध्ये मांडला. 1982 मध्ये नायमन आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या दाताभोवती पडदा बसवून अस्तराच्या पेशींना अडवलं आणि नव्या तंतूंची जोडणी झालेली दाखवली. आजही पडदा लावून शस्त्रक्रिया करतात ती याच तत्त्वावर.

रुग्णाच्याच लिगामेंटच्या स्टेम सेल्स वाढवून झिजलेल्या हाडाच्या खड्ड्यात भरण्याचाही प्रयत्न झाला आहे. चीनमधल्या 2016 च्या चाचणीत उपचार सुरक्षित ठरला, पण त्या पेशींशिवाय केलेल्या शस्त्रक्रियेच्या तुलनेत लक्षणीय जास्त फायदा दिसला नाही. त्यामुळे कोणी आज स्टेम सेल्सने हाड भरून देतो म्हणालं, तर पैसे देऊ नका.

तुमच्या दाढेबद्दल: आधी खोल सफाई करून घ्या, दातांच्या फटींतला ब्रश रोज वापरा, तंबाखू असेल तर सोडा, मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणा. दोन-तीन महिन्यांनी पॉकेट पुन्हा मोजायला सांगा. तेव्हाही ते 5-6 मिमी असेल आणि रक्त येत असेल, तर डॉक्टरांना एक्स-रे समोर ठेवून विचारा की हाडातला खड्डा अरुंद आणि खोल आहे की हाड सगळीकडून सपाट खाली गेलंय. अरुंद खड्ड्याला बाजूच्या हाडाच्या भिंती असतात, तिथून पेशी येऊ शकतात, आणि तिथे पडद्याच्या शस्त्रक्रियेने थोडं हाड परत आलेलं मी स्वतः पाहिलंय. सपाट झिजेत तो हट्ट धरू नका.