‘साहेबांनी सांगितलं म्हणून केलं’ : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पदाचा अधिकार कुठवर वापरायचा आणि वरच्याचं कुठवर ऐकायचं, याबद्दल पत्रं सतत येतात. पत्रं लिहिणारे वेगळे, ऑफिसं वेगळी, गोंधळ मात्र तोच. वरिष्ठाने सांगितलं की जबाबदारी आपल्यावरून उतरली, असं अनेकांना मनापासून वाटतं. म्हणून काही प्रश्न इथे एकत्र घेते.

प्रश्न : तपासणी झालेली नसताना अहवालावर मागची तारीख घालून सही करायला साहेब सांगतात, तेही तोंडी. काय करू?

सही करू नका. उद्या चौकशी झाली तर कागदावर फक्त तुमचं नाव असेल. आजच त्यांना साधा ईमेल करा : ‘आपण अमुक अहवालावर अमुक तारखेने सही करण्यास सांगितले. तपासणी झालेली नसल्याने मला ती करता येणार नाही. तपासणी कधी ठेवू?’ आरोप नको, टोमणे नकोत. याआधी अशा सह्या करून बसला असाल, तर आणखी काही लिहिण्यापूर्वी वकिलाला भेटा.

प्रश्न : हाताखालचा माणूस माझी खासगी कामं आनंदाने करतो. हरकत आहे का?

आहे, त्याचं अप्रेझल तुमच्या हातात असताना तो आनंद किती खरा हे तुम्हाला कळणार नाही.

प्रश्न : आमच्याकडे सगळेच गप्प बसतात. एकट्याने बोलून काय होणार?

एकट्याने बोलू नका. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात 1961 मध्ये मानसशास्त्रज्ञ स्टॅनले मिलग्राम यांनी, माणूस वरच्याचा हुकूम कुठवर ऐकतो हे पाहणारे प्रयोग सुरू केले. दुसऱ्या माणसाने चुकीचं उत्तर दिलं की त्याला विजेचा झटका द्यायचा, असं भाग घेणाऱ्यांना सांगितलेलं होतं (झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते खरे वाटत). एका गटात 40 पैकी 26 जण 450 व्होल्टच्या शेवटच्या बटणापर्यंत गेले. शेजारी बसलेल्या दोघांनी मध्येच नकार दिला, तेव्हा मात्र 40 पैकी चारच जण शेवटपर्यंत गेले. या प्रयोगांवर पुढे बरीच टीका झाली, तरी एवढं ध्यानात ठेवा : बैठकीआधी एक तरी समविचारी सहकारी गाठा आणि कोण काय बोलणार ते ठरवून जा.

प्रश्न : मी विभागप्रमुख आहे. माझ्या केबिनचं दार सगळ्यांना उघडं असतं, तरी अडचणी मला सगळ्यात शेवटी कळतात. लोकांत धैर्यच उरलं नाही का?

असं अजिबात समजू नका. धैर्य खालच्यांनी दाखवायचं आणि वरच्यांनी नुसतं दार उघडं ठेवायचं, हा समज मला फार घातक वाटतो, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

27 मार्च 1977 रोजी स्पेनच्या तेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुक्यात केएलएम आणि पॅन अॅम या विमान कंपन्यांची दोन जंबो विमानं धडकली. 583 माणसं गेली. केएलएमचा कॅप्टन कंपनीतला अतिशय ज्येष्ठ, इतर वैमानिकांना शिकवणारा. उड्डाणाची परवानगी नसताना त्याने विमान पळवायला सुरुवात केली. रेडिओवरचं बोलणं ऐकून फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. पॅन अॅमचं विमान अजून धावपट्टीवरून हटलं नाही का, असं त्याने विचारलं. हटलंय, असं कॅप्टनने ठासून सांगितलं. विषय तिथेच संपला आणि काही सेकंदांत टक्कर झाली. धुकं, रेडिओतला अडथळा, संदिग्ध शब्द अशी इतरही कारणं होती. मला अस्वस्थ करतं ते हे, की योग्य शंका आलेला माणूस त्या कॉकपिटमध्ये होता आणि तो बोललाही होता. फक्त प्रश्न विचारल्यासारखा बोलला होता.

हाताखालची माणसं अशीच बोलतात. ‘ही तारीख जमेल ना?’ ‘ग्राहकाला हे कळवलंय का?’ तुम्ही ‘हो’ म्हणून पुढे जाता, पण तो इशारा असतो. विमान कंपन्यांनी पुढे जे प्रशिक्षण सुरू केलं, त्यात सहवैमानिकांना ठामपणे बोलायला शिकवलं, तसंच कॅप्टनना विचारायला आणि ऐकायलाही. ऑफिसांनी पहिला भाग तेवढा उचलला.

बैठकीत तुमचं मत सगळ्यांत शेवटी सांगा. ‘काही अडचण?’ असं विचारू नका, त्याचं ‘नाही’ हे उत्तर तयारच असतं. ‘हे फसलं तर कशामुळे फसेल?’ असं प्रत्येकाला नाव घेऊन, सर्वांत कनिष्ठापासून विचारा. वाईट बातमी आणणाऱ्याला ‘आधी का नाही सांगितलं?’ म्हणालात, की बाकीच्यांची तोंडंही बंद झाली. आणि गेल्या वर्षी तुम्हाला विरोध करणाऱ्याचं अप्रेझल स्वतः काढून बघा, कारण सगळ्यांचा डोळा त्यावरच असतो. गप्प राहण्याची सवय जुनी असेल, तर बाहेरच्या अनुभवी सल्लागाराला एकेकाशी बोलू द्या. तुम्ही खोदून विचारलंत तर ती चौकशी वाटेल.

प्रश्न : गुपचूप रेकॉर्डिंग केलं की केस जिंकलीच, असं मित्र म्हणतो. खरं का?

असल्या ऐकीव सल्ल्यांनी लोकांच्या नोकऱ्या जातात. काही देशांत सर्वांच्या संमतीशिवाय संभाषण रेकॉर्ड करणं हाच गुन्हा आहे. घटना घडली त्याच दिवशी तारीख, वेळ, हजर माणसं आणि नेमके शब्द लिहून ठेवा. ऑफिसची कागदपत्रं स्वतःच्या ईमेलवर पाठवू नका; मूळ तक्रार बाजूला राहील आणि गोपनीयता मोडल्याचा ठपका तुमच्यावर येईल. आधी वकील, मग बाकीचं.

प्रश्न : एक संस्था दोन दिवसांची कार्यशाळा घेऊन ‘नैतिक कंपनी’ असं प्रमाणपत्र देते. घ्यावं का?

पैसे वाचवा. एन्रॉन या अमेरिकी कंपनीकडे 64 पानांची नीतिसंहिता होती, आणि हिशेबातली लपवाछपवी उघडी पडून डिसेंबर 2001 मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. साहेबाविरुद्धची तक्रार साहेबाला वगळून कुणाकडे जाते, हे आपल्या कंपनीत आधी विचारा. उत्तर मिळालं नाही तर ती वाट तयार करायला कायदा जाणणारा माणूस नेमा.

प्रश्न : आमचा सर्वाधिक धंदा आणणारा मॅनेजर कनिष्ठांना सगळ्यांसमोर अपमानित करतो. वर्षअखेरीपर्यंत थांबावं, असं संचालकांचं मत आहे.

थांबू नका. या चालढकलीची किंमत रोज तीच माणसं मोजतात, ज्यांना नकार देण्याची सोय नाही. चौकशी पुरी होईपर्यंत त्या कनिष्ठांचं रिपोर्टिंग आणि अप्रेझल दुसऱ्याकडे द्या, हे आजच्या आज करता येतं. चौकशी समितीत त्याच्या आकड्यांवर ज्याचा बोनस ठरतो असा कुणी नसावा. मॅनेजरलाही आपली बाजू मांडायची पुरेशी संधी द्या. निलंबन किंवा बडतर्फीचा शब्द काढण्याआधी मात्र कामगार कायद्याच्या वकिलाकडून कागद तपासून घ्या, आणि त्याची वेळ याच आठवड्यातली घ्या.