नोकरी बदल, पीएफ मोडू नकोस

पोरी,

परवा फोनवर म्हणालीस, "काका, नोकरी सोडतेच आहे तर पीएफचे लाखभर काढून घेते, उगाच अडकून कशाला पडू द्यायचे?" तेव्हा नुसतं "हं" म्हणालो. रात्री झोप लागेना, म्हणून लिहितोय.

मोडू नकोस. नव्या कंपनीकडे ट्रान्सफर कर. यूएएन, म्हणजे तुझा पीएफचा कायमचा नंबर, तोच राहतो, अर्ज घरबसल्या होतो.

व्याज आठ टक्के धरलं तर रक्कम साधारण नऊ वर्षांत दुप्पट होते. तू 25 ची. आजच्या लाखाचे 34 व्या वर्षी दोन, 43 व्या वर्षी चार, 52 व्या वर्षी आठ, आणि साठी ओलांडताना सोळा. नीट बघ: आधीच्या 27 वर्षांत मिळून सात लाखांची भर, शेवटच्या नऊ वर्षांत एकदम आठ. महागाई त्यातलं बरंच खाईल, ठाऊक आहे मला. म्हणून आपणही आधीच खाऊन टाकायचं?

शिवाय सलग पाच वर्षं व्हायच्या आत काढलास तर कर लागतो. ट्रान्सफर केलास तर आधीची वर्षं धरली जातात. तरी मोडायचाय?

मी मोडला होता. 1996 ते 2001 पहिली नोकरी. सोडताना पीएफ काढला, पेन्शनचे पैसेही काढले आणि मोटरसायकल घेतली. त्यातली बरीच वर्षं पीएफवर 12 टक्के व्याज होतं, 12! पुढच्या नोकरीत नऊ वर्षं दोन महिने काढले, मग स्वतःचा धंदा. ईपीएसच्या, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेच्या, पेन्शनला नोकरीची दहा वर्षं लागतात. माझी पहिली पाच वर्षं त्या मोटरसायकलीत गेली. 58 पूर्ण झाली तेव्हा महिन्याच्या पेन्शनचा प्रश्नच नव्हता.

चैन म्हणून नव्हती घेतली गं. कामावर जायला दोन बस बदलाव्या लागायच्या, आणि समजावणारं तेव्हा कुणी नव्हतं. पण गाडी हप्त्यांवरही मिळत होती, हेही खरंच.

तुला समजावणारा आहे, म्हणून चिडतोय. मोडू नकोस. लॅपटॉप जुनाच वापर वर्षभर.

नव्या ठिकाणी रुजू झालीस की जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरलीय का ते बघ, ट्रान्सफर बहुधा तिथेच अडतं. अर्ज टाकलास की कळव. त्याआधी कशासाठीही फोन केलास तरी मी पहिलं हेच विचारणार.

काका