देव गेले त्या वाटेने गोवा बघा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पाच दिवस, बरोबर गुडघेदुखीवाल्या सासूबाई आणि दोन शाळकरी मुलं. समुद्र एखादी संध्याकाळ पुरे, बाकी जुनी गावं, देवळं, चर्चेस आणि इथलं जेवणखाण बघायचंय. सासूबाईंचं कुलदैवत रामनाथी, तेव्हा तिथे जाणं आलंच. आणि कळंगुटला हॉटेल स्वस्तात मिळतंय, ते घेऊ का?

नका घेऊ. कळंगुटला राहिलात तर रोज सकाळी पर्वरीच्या ट्रॅफिकमधून बाहेर पडायचं आणि रात्री त्याच ट्रॅफिकमधून परत. तुम्हाला जे बघायचंय त्यातलं बहुतेक तिसवाडी, फोंडा आणि सासष्टी या तीन तालुक्यांत आहे. दोन रात्री पणजीला आणि दोन रात्री फोंड्याला राहा. मी फोंड्याचा आहे म्हणून नव्हे, नकाशा उघडून बघा म्हणजे पटेल.

आता खरा मुद्दा. लोक गोवा 'नॉर्थ' आणि 'साउथ' असा दोन तुकड्यांत बघतात. टॅक्सीवाल्यांच्या सोयीला ते ठीक, पण जुना गोवा त्या रेषेवर कापलेला नाही. तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी सोळाव्या शतकातच पोर्तुगिजांकडे गेले, त्यांना जुन्या काबिजादी, म्हणजे आधी जिंकलेला मुलूख, म्हणतात. फोंडा त्यांच्या हाती लागला थेट १७६३ मध्ये. म्हणजे दोन्हींत दोनशेहून जास्त वर्षांचं अंतर, आणि मध्ये फक्त नदी. जुन्या काबिजादींत देवळं पाडायला सुरुवात झाली तेव्हा गावकऱ्यांनी देव उचलले आणि नदीपलीकडे आणले. १५६० हे एकच साल धरा. त्या साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं. त्याच साली कुठ्ठाळीचा, म्हणजे जुन्या कुशस्थळीचा, मंगेश नदी ओलांडून फोंड्यातल्या प्रियोळला, म्हणजे आजच्या मंगेशीला, आला. आणि फोंड्यात अली आदिलशहाने साफा मशीद बांधली तीही त्याच साली. आदिलशाही मुलूख होता म्हणूनच देवांना इथे आसरा मिळाला, हे मुलांना मशिदीच्या तळ्याकाठी उभं करून सांगा. पुस्तकातल्या धड्यापेक्षा जास्त लक्षात राहील.

तेव्हा माझा सल्ला असा की जिथून देव निघाला ते गाव आणि जिथे तो आला ते देऊळ, अशा जोड्या लावून दिवस आखा.

पहिली जोडी जुने गोवे, दिवाडी बेट आणि नार्वे. तुम्ही येताय तेव्हा सेंट झेवियरच्या नोव्हेना, म्हणजे फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना, चालू असतील. २४ नोव्हेंबरपासून नऊ दिवस, आणि ३ डिसेंबरला फेस्त, म्हणजे संताचा उत्सव. पहाटेपासून मिस्सा (चर्चमधली प्रार्थनासभा), रस्त्याच्या कडेला फेस्ताची दुकानं, खाज्यांचे ढीग, गाड्या लावायला जागा नाही. गर्दी म्हणून टाळू नका, उलट जुने गोवे जिवंत दिसतं ते याच दिवसांत. फक्त सकाळी लवकर पोचा, आणि मिस्सा चालू असेल तर मागे शांत बसा, आत फिरू नका. बॉम जेझस चर्चमध्ये झेवियरची समाधी बघताना दोन थर वेगळे बघा. खालचा संगमरवरी चौथरा टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने पाठवलेला, १६९८ मध्ये बसवलेला. वरची चांदीची पेटी मात्र गोमंतकीय सोनारांच्या हातची, त्याहून साठेक वर्षं जुनी. समोरच से कॅथेड्रल आहे. त्याच्या दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला, तो परत बांधलाच नाही. सासूबाईंना या दोन्ही ठिकाणी फारशा पायऱ्या नाहीत. सेंट ऑगस्टीनचा पडका मनोरा थोडा चढावर आहे, तिथे गाडी वरपर्यंत न्या.

गाइड बहुधा दाखवत नाहीत अशी एक गोष्ट सेंट कायतान चर्चच्या आवारात आहे. गवतात नुसतीच उभी असलेली काळ्या दगडाची चौकट: दोन खांब, वर आडवा दगड, बाजूला जाळीकामाचे तुकडे. आदिलशहाच्या वाड्याचं एवढंच दार उरलंय. लोक त्याच्या बाजूने जाऊन घुमटाचे फोटो काढतात.

तिथून व्हाइसरॉयच्या कमानीखालून रस्ता सरळ फेरीच्या धक्क्यावर उतरतो. कमान १५९९ ची. नदीच्या अंगाला वर कोनाड्यात वास्को द गामा उभा आहे, तो फेरीतून परतणाऱ्यालाच नीट दिसतो. दिवाडीची फेरीबोट घ्या. माणसांना तिकीट नाही, गाडीही चढते. मुलांना अख्ख्या सहलीत हेच सगळ्यात आवडेल, लिहून ठेवा. दिवाडीत पिएदादच्या टेकडीवर चर्च आहे, तिथून चारही बाजूंनी मांडवी आणि खाजन शेतं (खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेली) दिसतात. शेजारच्या दफनभूमीतलं छोटं चॅपल चुकवू नका. त्याचं कोरीव छत कदंब राजांच्या काळच्या देवळाचं आहे. दिवाडीचा गणपती आज खांडोळ्याला आहे, माशेलजवळ.

मग बेट ओलांडून दुसऱ्या टोकाला नार्व्याची फेरी. पलीकडे डिचोलीच्या बाजूला सप्तकोटेश्वर. हा कदंब राजांचा देव, त्यांच्या नाण्यांवर त्याचं नाव असायचं. दिवाडीतलं देऊळ मोडलं, विजयनगरच्या माधव मंत्र्याने पुन्हा उभारलं, पोर्तुगिजांनी पुन्हा पाडलं, आणि लिंग नदीपार इथे आलं. सध्याचं देऊळ शिवाजी महाराजांच्या आज्ञेने बांधलेलं. दारावरच्या देवनागरी लेखात शके १५९० आहे, म्हणजे १६६८. २०२३ मध्ये दुरुस्ती पूर्ण झाली. महाराष्ट्रातून येणाऱ्यांपैकी किल्ल्यांमागे धावणारे कितीतरी जण या देवळापर्यंत पोचत नाहीत, याचं मला खरंच नवल वाटतं.

संभाजी महाराजांची गोष्टही याच पाण्यावरची. नोव्हेंबर १६८३ मध्ये मराठ्यांनी जुने गोव्यासमोरचा जुव्याचा किल्ला घेतला. तेव्हा व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने झेवियरच्या शवपेटीपाशी आपला राजदंड ठेवून 'आता तूच गोवा सांभाळ' अशी विनवणी केली, असं सांगतात. सकाळी पाहिलेली पेटी मुलांना तेव्हा आठवेल.

दुसरी जोडी तुमच्या घरची. रामनाथ मूळ लोटलीचा. लोटली सासष्टीत, आणि रामनाथी बांदोड्याला, आमच्याकडे. मध्ये जुवारी, तीवर आता बोरीचा पूल. तर सकाळी रामनाथीला अभिषेक करा, जेवा, आणि दुपारी बोरी पुलावरून लोटलीला जा. सासूबाईंना सांगा की आपला देव याच नदीवरून आला, फक्त उलट दिशेने. अभिषेक करायचा असेल तर आदल्या दिवशीच देवळात सांगून ठेवा आणि यजमानांचं सोवळं बरोबर आणा. देवळांच्या अग्रशाळांमध्ये, म्हणजे भक्तनिवासांत, खोल्या मिळतात. साध्या असतात, पण पहाटेचा चौघडा ऐकायचा तर तिथेच राहायला हवं. कुळाव्यांना, म्हणजे ज्यांचं ते कुलदैवत त्यांना, आधी फोन केल्यास सहसा जागा मिळते.

लोटलीहून पुढे चांदोर. वाटेतली जुनी घरं बघत सावकाश जा. मेनेझिस ब्रागांझांचा वाडा घरचीच माणसं दाखवतात, निघताना पेटीत पैसे टाकायचे. ते टाकायला हात आखडू नका, अशी कौलं शाकारायला काय खर्च येतो ते कोकणातल्या माणसाला मी सांगायला नको. वाड्यापासून थोड्या अंतरावर कोट नावाची जागा आहे. उत्खननात सापडलेल्या देवळाचा पाया आणि मुंडकं नसलेला नंदी, बस. चंद्रपूर नावाची कदंबांची राजधानी इथे होती. बघायला दहा मिनिटं लागतात, पण वाड्यातल्या झुंबरांनंतर तो नंदी बघावाच.

फोंड्यात बाकी देवळं एका दिवसात पाच-सहा करतात लोक. तसं करू नका, शेवटी सगळी एकसारखी दिसायला लागतात. सोमवार मिळाला तर संध्याकाळी मंगेशीची पालखी. म्हार्दोळला म्हाळसेचा पितळी दीपस्तंभ, आणि बाहेर बायका जाईचे गजरे घेऊन बसतात ते घ्याच. कवळ्याची शांतादुर्गा केळशीहून आलेली. सध्याचं देऊळ शाहू महाराजांच्या काळातलं, घुमट आणि कमानी पाहिल्यावर चर्च बांधणाऱ्या हातांची आठवण होते. एवढी तीन पुरेत. गुडघ्यापर्यंतच्या पँटी आणि बिनबाह्यांचे कपडे हॉटेलवर ठेवा, चर्चमध्येही तेच.

पणजीला एक संध्याकाळ: आदिलशहाचा वाडा, त्याच्या शेजारी संमोहनविद्येचा अभ्यासक आबे फारिया याचा पुतळा, मग मळा नावाच्या वस्तीतून फोंतेन्या या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीत. सेंट सेबॅस्टियनच्या चॅपलमध्ये इन्क्विझिशनच्या वाड्यातून आणलेला क्रूस आहे, त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत. तिथे घरांत माणसं राहतात, कोणाच्या खिडकीला टेकून फोटो काढू नका. समुद्राची संध्याकाळ मिरामारला भागेल.

पाचवा दिवस तांबडी सुर्ला की रेइश मागुश? सासूबाईंना दगदग सोसत असेल तर तांबडी सुर्ला. कदंबकाळचं काळ्या दगडातलं महादेवाचं देऊळ, जंगलात, ओढ्याकाठी, पूर्वेला तोंड. सकाळी जा. नाहीतर रेइश मागुशचा किल्ला, तिथल्या व्यंगचित्रकार मारियो मिरांडाच्या चित्रांत मुलं रमतील. दूधसागर, मांडवीवरची क्रूझ आणि आग्वाद मी गाळलेत. त्यांत वेळ जातो आणि पाच दिवसांत तो नाही.

खाण्याबद्दल एवढंच. सकाळी हॉटेलातला फुकटचा नाश्ता सोडा आणि फोंड्यात किंवा पणजीत भाजी-पावाच्या टपरीवजा हॉटेलात जा. पातळभाजी, सुकी भाजी, बरोबर पाव नाहीतर उंडो, हा गोल कडक पाव. दुपारी फिशथाळी. शाकाहारी दिवशी देवळाजवळच्या खाणावळीत खतखतं (मिसळ भाज्यांचं कालवण) आणि सोलकढी मिळाली तर नशीब. दुपारी एक ते चार दुकानं बंद असतात, त्याला कोणी हसत नाही आणि कोणी उघडतही नाही. तेवढ्यात तुम्हीही झोपा.

रेल्वेने येत असाल तर मडगावपर्यंत जाऊ नका. तुमची गाडी थांबत असेल तर करमळीला उतरा, जुने गोवे तिथून हाकेच्या अंतरावर आहे. गाडी भाड्याने घेतलीत तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या, पांढऱ्या पाटीची भाड्याने देणं बेकायदा आहे. आणि मोबाइलवर रस्ता शोधताना 'ओल्ड गोवा' टाका. 'गोवा वेल्हा' टाकलंत तर तो तुम्हाला जुवारीकाठी पिलारच्या बाजूला नेऊन सोडेल.

तारखा पक्क्या झाल्या की इथेच लिहा, त्या आठवड्यात कुठल्या देवळात जत्रा आहे ते बघून सांगतो. जत्रेच्या रात्री मराठी नाटक असेल तर मुलांना जागं ठेवायची तयारी करून या.