मूल हवंय की नको, हे कळतं तरी कसं?

प्रश्न : ताई नमस्कार. माझं वय 33, लग्नाला सहा वर्षं झाली. नवऱ्याला मूल हवंय. तो मागे लागत नाही, पण विषय निघाला की त्याचा चेहरा खुलतो आणि माझ्या पोटात गोळा येतो. मुलं आवडत नाहीत असं अजिबात नाही, बहिणीच्या मुलीत मी तासन्‌तास रमते. भीती वेगळीच आहे. आमच्या घरी वडील सारखे ओरडायचे, कधी हातही उचलायचे, आणि आई मग दिवसेंदिवस गप्प. मी चिडले की माझाही आवाज तसाच चढतो. तेच सगळं मी माझ्या मुलाला दिलं तर? बाकीच्या बायकांना म्हणे आतून कळतं, मला तर काहीच कळत नाहीये. त्यात वय वाढतंय.

उत्तर : आतून कळणं काही जणींना होतं, पुष्कळ जणींना होत नाही, आणि शंका मनात घेऊन निर्णय घेतलेले लोकही पुढे मनापासून आईबाप होतात. उलट ज्यांना आधीपासून पक्कं माहीत होतं की मूल हवंच, त्यांनाही पहिल्या काही महिन्यांत 'हे काय करून बसलो' असं वाटू शकतं. तेव्हा आतून आवाज येत नाही म्हणजे उत्तर 'नाही'च आहे असं धरू नका.

तुमच्या पत्रात तीन प्रश्न एकमेकांत अडकलेत असं मला वाटतं. मला मूल वाढवायचंय का, मी वडिलांसारखी होईन का, आणि वेळ हातातून चाललीये का. मधल्या प्रश्नाची भीती इतकी मोठी आहे की पहिल्याचं उत्तर तुम्हाला ऐकूच येत नाहीये, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करू.

लंडनमध्ये पीटर फोनॅगी आणि मिरियम व हॉवर्ड स्टील या संशोधकांनी पहिल्यांदाच आई होणाऱ्या बायकांच्या मुलाखती घेतल्या, त्या गरोदर असतानाच, आणि विषय होता त्यांचं स्वतःचं लहानपण. मग बाळ वर्षाचं झाल्यावर त्याला आईपाशी सुरक्षित वाटतं का ते तपासलं. 1991 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. जन्माआधीच्या त्या मुलाखतींवरून बांधलेला अंदाज चारपैकी साधारण तीन वेळा बरोबर निघाला! आता यातली खरी महत्त्वाची गोष्ट अशी की लहानपण चांगलं होतं की वाईट, यावरून संशोधक अंदाज बांधत नव्हते, आई ते लहानपण कसं सांगते हे बघत होते. (मुलाखतीची ही पद्धत त्याआधी अमेरिकेत मेरी मेन आणि तिच्या सहकाऱ्यांनी तयार केली होती.) जिला 'हो, हे असं झालं, मला त्याचा असा त्रास झाला, आज मी त्याकडे असं बघते' हे सलग, खरं खरं सांगता येतं तिचं बाळ बहुतेक वेळा निर्धास्त असतं, मग तिचं लहानपण कठीण गेलेलं का असेना. 'आमचं घर अगदी छान होतं' असं म्हणून पुढे एकही प्रसंग ज्यांना आठवत नाही, किंवा बोलता बोलता ज्या परत त्याच रागात वाहून जातात, तिथे काळजीचं कारण जास्त असतं.

तुम्ही चार-पाच वाक्यांत वडील, आई आणि स्वतःचा चढणारा आवाज, तिन्ही न लपवता लिहिलंत. ही हमी नव्हे, पण हीच ती जागा जिथून बदल होतो. समुपदेशकाकडे जाऊन हे सगळं एकदा नीट, प्रसंगांसकट बोला असं मी अगदी आग्रहाने सांगेन, आणि मूल होऊ द्यायचं ठरो वा न ठरो, जाच. आवाज नेमका कधी चढतो तेही बघत राहा, झोप झालेली नसते तेव्हा, कोणी ऐकत नाही तेव्हा, की दमल्यावर.

अजून एक. एड ट्रॉनिक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आई आणि तान्ह्या बाळांचं समोरासमोर वागणं बारकाईने पाहिलं. चांगल्या जोड्यांमध्येसुद्धा सूर जुळलेला असतो तो साधारण 30 टक्के वेळ, बाकी वेळ चुकामूक आणि परत जुळवून घेणं चाललेलं असतं, आणि मूल शिकतं ते त्या परत जुळण्यातून. तुमच्या घरी ओरडाआरडा झाल्यावर कोणी परत जवळ यायचं का? 'माझं चुकलं' असं कोणी कधी म्हणालं का? तुमचा आवाज कधीच चढणार नाही असं कोणीच सांगू शकणार नाही, पण चढल्यावर परत जाऊन जवळ घेणं, चूक कबूल करणं हे शिकता येतं. हात उचलणं मात्र यात धरू नका, त्याला नंतरची माफी पुरत नाही, तिथे आधीच थांबायला शिकावं लागतं.

आता नवऱ्याचा चेहरा खुलतो त्याबद्दल. त्याला विचारा की त्या क्षणी त्याला नेमकं काय दिसतं. बऱ्याचदा लोकांना बाळ दिसतं, वाढवायचं असतं ते माणूस. दोघांनी वेगवेगळं बसून लिहून काढा, मूल आठ वर्षांचं असतानाचा एखादा साधा मंगळवार, सकाळपासून रात्रीपर्यंत, कोण उठवतं, ताप आला तर कोणाचं काम बुडतं, अभ्यासाला कोण बसतं, तुमच्या दोघांच्या वाट्याला काय उरतं. मग कागद बदलून वाचा. आणि पहिल्या महिन्यांचंही बोलून ठेवा, कारण नवजात बाळ 24 तासांत 8 ते 12 वेळा दूध मागतं, रात्री धरून, आणि पहिल्या मुलानंतर नवराबायकोचं एकमेकांबद्दलचं समाधान कमी होतं हे अनेक अभ्यासांत दिसलंय, विशेषतः काम वाटून घेण्याबद्दलच्या अपेक्षा फसतात तिथे. 'बघू तेव्हाचं तेव्हा' हे उत्तर मी तरी स्वीकारणार नाही.

वयाचं थोडक्यात. गर्भ राहण्याची शक्यता तिशीच्या सुरुवातीनंतर हळूहळू आणि 37 च्या पुढे जास्त वेगाने कमी होते, म्हणजे उद्याच ठरवायला हवं असं नाही पण पाच वर्षं नुसतं टाळतही बसू नका. एएमएच नावाच्या रक्ततपासणीवरून स्त्रीबीजांच्या साठ्याचा अंदाज येतो, नैसर्गिकपणे दिवस राहतील का हे त्यावरून ठरत नाही. बीजं गोठवून ठेवली तर शक्यता राखली जाते, मुलाची खात्री मिळत नाही. प्रयत्न करायचे ठरलं तर निदान महिनाभर आधी रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड सुरू करतात, ते डॉक्टरांना विचारून घ्या. थॅलेसेमियासारख्या आनुवंशिक रक्ताच्या आजाराची वाहक तपासणीही (स्वतःला त्रास नसतो, पण आजार मुलाकडे जाऊ शकतो, तो वाहक) तेव्हाच दोघांनी करून टाका, कारण दोघंही एकाच आजाराचे वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते.

आणि सगळं करून उत्तर 'नको' आलं तर ते नवऱ्याला स्पष्ट सांगा, लवकर सांगा. यात मधला मार्ग निघत नाही, अर्धं मूल होत नसतं. त्याला वाईट वाटेल, तसं वाटण्याचा त्याला हक्क आहे. पण त्याला खूश करायला मनाविरुद्ध 'हो' म्हणालात तर त्याची किंमत तुम्हा दोघांसोबत तिसरं माणूसही मोजेल, ज्याला कोणी विचारलेलंच नव्हतं.

प्रश्न : आम्हाला तीन वर्षांची मुलगी आहे. तिच्या जन्मानंतर बायकोला डिप्रेशन आलं होतं, उपचारांनी ती पूर्ण बरी झाली. आता घरचे म्हणतात एकटं मूल हट्टी आणि एकलकोंडं होतं, दुसरं होऊ द्या. बायको घाबरते, मी मधे अडकलोय. काय करू?

उत्तर : तुम्ही मधे नाही आहात, तुम्ही बायकोच्या बाजूला आहात, आणि घरच्यांशी बोलायचं काम तुमचं आहे, तिचं नाही.

एकुलत्या एक मुलांबद्दल टोनी फाल्बो आणि डेनिस पोलिट यांनी 1986 मध्ये शंभराहून जास्त अभ्यास एकत्र करून पाहिले होते, त्यात ही मुलं चारचौघांत मिसळण्यात मागे पडतात असं दिसलं नाही. तेव्हा निव्वळ मुलीला सोबत म्हणून दुसरं नको. तुम्हा दोघांना ते मूल स्वतःसाठी हवं असेल तर गोष्ट वेगळी.

तसं असेल तर बायकोच्या भीतीला आधार आहे हे मान्य करा. एकदा बाळंतपणानंतर डिप्रेशन येऊन गेलं की पुढच्या वेळी यायची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, पण त्याची तयारी आधीपासून करता येते. दिवस राहायच्या आधीच तिच्या मानसोपचारतज्ज्ञांना दोघं मिळून भेटा, कोणती औषधं चालू ठेवायची, कोणती लक्षणं दिसली की लगेच फोन करायचा हे लिहून घ्या. चालू औषध असेल तर मनाने बंद करू नका. बाळंतपणानंतर रात्रीची सलग चार-पाच तास झोप तिला मिळेल अशी सोय कोण करणार, ते आत्ताच नावानिशी ठरवा. बाळ आल्यावर वडिलांनाही डिप्रेशन येतं, त्यामुळे स्वतःकडेही लक्ष ठेवा. आणि हे सगळं ऐकूनही ती 'नको' म्हणाली, तर घरच्यांना 'आमचं ठरलंय' एवढंच सांगा, तिच्या आजाराचं कारण पुढे करू नका.