परवानगी देण्याआधी नकार कोणाचा आहे ते शोध

विश्रामबाग, सांगली

चिरंजीव मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. तुमच्या पतसंस्थेचा रात्रीचा बॅकअप टेपवर जात नाही, बॅक्युला या बॅकअप प्रोग्रॅमच्या लॉगमध्ये ‘परमिशन डिनाइड’ (परवानगी नाकारली) एवढीच ओळ उमटते, टेप ड्राइव्हच्या डिव्हाइस फाइलला, म्हणजे लिनक्समध्ये ड्राइव्हचे दार असलेल्या फाइलला, ७७७ (कोणालाही सगळी मोकळीक) दिले की काम सुरू होते, सर्व्हर रीबूट झाला की पुन्हा ठप्प होते, आणि आता तुझे वरिष्ठ म्हणतात की टेपवर लिहिणारी स्टोरेजची सर्व्हिसच रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी यूजरच्या, नावाने चालव आणि हे प्रकरण एकदाचे मिटव. हे सगळे लिहून शेवटी तू विचारले आहेस की काम तर होते आहे, मग यात बिघडते कुठे? या एका प्रश्नासाठी मी हे पत्र लिहायला बसलो आहे. तुझ्या मनाला ते पटलेले नाही हे मला दिसते, कारण पटले असते तर तू विचारलेच नसतेस.

बॅकअपचे महत्त्व मी तुला सांगत बसत नाही, ते तू जाणतेस. मला एवढेच विचारायचे आहे की तुला नकार कोणी दिला? तुझ्या संपूर्ण पत्रात या प्रश्नाचे उत्तर नाही. लिनक्सच्या गाभ्याने म्हणजे कर्नलने दिला, एसईलिनक्स या त्याच्या पहारेकऱ्याने दिला, खुद्द ड्राइव्हने दिला, की बॅक्युलाच्या कॅटलॉगने, म्हणजे टेपांच्या नोंदवहीने? हे चारही जण नकार देऊ शकतात, चौघांची भाषा वेगळी आहे आणि चौघांचे समाधान वेगळ्या गोष्टीने होते. तू मात्र कोणाचे म्हणणे न ऐकता सर्वांना सरसकट परवानगी देऊन टाकलीस. हरिपूरला हळद साठवण्याच्या जमिनीतल्या पेवाचे तोंड नीट लिंपण्याचे कष्ट नकोत म्हणून कोणी ते उघडे टाकून घरी जात नसे. ७७७ म्हणजे नेमके तेच आहे.

आता एकेक नकार पाहू. सर्वांत आधी सर्व्हरवर ‘एलएस -एल’ ही कमांड देऊन टेप ड्राइव्हची एनएसटी० ही डिव्हाइस फाइल पाहा. रीबूटनंतर, तू हात लावण्यापूर्वी, पाहा. ओळीच्या सुरुवातीला ‘सी’ हे अक्षर असेल, म्हणजे हे कॅरेक्टर डिव्हाइस आहे. त्यापुढे मालकाला वाचण्या-लिहिण्याची मुभा, ग्रुपला वाचण्या-लिहिण्याची मुभा आणि इतरांच्या जागी नुसत्या रेघा. नंतर मालक ‘रूट’, ग्रुप ‘टेप’ आणि आकाराच्या जागी ९, १२८ असे दोन आकडे. बहुतेक लिनक्समध्ये ही ओळ अशीच असते आणि ती अशीच असायला हवी. म्हणजे दार बंद नाही. ते ‘टेप’ ग्रुपमधल्यांसाठी उघडे आहे. तुझी स्टोरेज सर्व्हिस ज्या यूजरच्या नावाने चालते, तो यूजर त्या ग्रुपमध्ये आहे का, हे ‘आयडी’ कमांडने पाहायला किती वेळ लागतो? तू ते पाहिले नाहीस. मी रागावून लिहीत नाही, पण हे न पाहता तू रूट होण्याच्या उंबरठ्यावर जाऊन उभी राहिलीस, हे मला सहन होत नाही.

यूजर ग्रुपमध्ये नसेल तर त्याला ‘यूजरमॉड’ने घाल, पण मोठ्या ‘जी’बरोबर लहान ‘ए’ विसरू नकोस, नाहीतर तो यूजर आधीच्या बाकी सर्व ग्रुपांतून बाहेर फेकला जाईल आणि उद्या दुसरेच काहीतरी बंद पडेल. आणखी एक गोष्ट, जिच्यापायी चांगली चांगली माणसे दिवस घालवतात: ग्रुपमधला बदल चालू असलेल्या प्रोसेसला कळत नाही. सर्व्हिस पुन्हा सुरू केल्याशिवाय ती जुन्याच ओळखीने वावरत राहते. म्हणून सर्व्हिस रीस्टार्ट कर आणि ‘प्रॉक’ डिरेक्टरीत त्या प्रोसेसच्या ‘स्टेटस’ फाइलमधली ‘ग्रुप्स’ची ओळ वाच. तिथे टेप ग्रुपचा क्रमांक दिसला की या पहिल्या नकाराचा विषय संपला.

रीबूटनंतर तुझे ७७७ का नाहीसे होते, हेही यातच आले. ‘डेव्ह’ डिरेक्टरीतल्या या डिव्हाइस फाइली तुझ्या डिस्कवर नसतात. प्रत्येक वेळी मशीन सुरू होताना कर्नल त्या नव्याने तयार करतो आणि यूडेव्ह हा उपकरणे सांभाळणारा प्रोग्रॅम आपल्या नियमांप्रमाणे त्यांना मालक आणि ग्रुप देतो. तुमच्या मशीनवर ग्रुपच वेगळा येत असेल, तर दुरुस्ती यूडेव्हच्या नियमात करायची असते, फाइलवर नाही. मशीन सुरू होताना चमॉड (परवानग्या बदलणारी कमांड) चालवणारी स्क्रिप्ट लावण्याचा विचार तू लिहिला आहेस, तो आजच सोडून दे.

तू असेही लिहिले आहेस की बीटेप (बॅक्युलाचे टेप तपासण्याचे साधन) चालवून पाहिले, ते व्यवस्थित चालले, म्हणजे ड्राइव्ह ठीक आहे. ते तू रूट म्हणून चालवलेस ना? मग त्यातून केबल आणि ड्राइव्ह जिवंत आहेत एवढेच कळले. सर्व्हिसला परवानगी आहे की नाही, याबद्दल एक अक्षर कळले नाही, कारण रूटला सहसा कोणी अडवत नाही. ज्याला नकार मिळाला त्याच्याच नावाने चाचणी करायची. ‘सुडो -यू बॅक्युला’ लावून, म्हणजे बॅक्युला यूजरच्या नावाने, ‘एमटी’ या टेप हाताळणाऱ्या साधनाची स्टेटस कमांड दे. ऑटोचेंजर (टेपा आपोआप बदलणारे यंत्र) असेल तर ते हलवणारे ‘एमटीएक्स’सुद्धा त्याच नावाने चालव, कारण चेंजरची डिव्हाइस फाइल वेगळी असते, ‘एसजी’ या नावाची, आणि तिचा क्रमांक रीबूटनंतर बदलू शकतो. त्यासाठी कॉन्फिगरेशनमध्ये ‘डेव्ह/टेप/बाय-आयडी’खालची कायमची नावे वापरणे बरे. बीटेपची ‘टेस्ट’ टेपवर प्रत्यक्ष लिहिते, तेव्हा कोरी टेप घातल्याशिवाय तिला हात लावू नकोस, आणि तेवढा वेळ स्टोरेज सर्व्हिस बंद ठेव, कारण ड्राइव्ह एका वेळी एकालाच उघडता येतो.

आता समज, बॅक्युलाच्या नावाने हाताने दिलेली कमांड चालली आणि सर्व्हिसला तरीही नकार मिळाला. इथे बहुतेक जण हात टेकतात आणि रूटकडे वळतात. इथेच पुन्हा विचारायचे की नकार कोणाचा. फाइलच्या परवानग्या तर समाधानी आहेत, मग अडवणारा दुसरा कोणी आहे. रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर तो बहुधा एसईलिनक्स असतो: तुझ्या शेलवर त्याचा निर्बंध नसतो, सर्व्हिसवर असतो. ऑडिट लॉगमध्ये ‘डिनाइड’ लिहिलेली एव्हीसीची, म्हणजे एसईलिनक्सच्या निर्णयाची, ओळ शोध. कोणी, कशाला हात लावला आणि कोणत्या कृतीला मनाई झाली, हे सगळे त्या एका ओळीत असते. तिथे काही नसेल तर सर्व्हिस सुरू करणाऱ्या सिस्टमडीच्या युनिट फाइलमध्ये ‘प्रायव्हेट डिव्हायसेस’ किंवा ‘डिव्हाइस अलाउ’ यांसारखे बंधन आहे का ते पाहा. एसईलिनक्स संपूर्ण बंद करण्याचा सल्ला तुला दहा ठिकाणी मिळेल, पण तो ७७७चाच भाऊबंद आहे.

तिसरा नकार ड्राइव्हचा, आणि त्याला सॉफ्टवेअरमधली कोणतीही परवानगी चालत नाही. टेपचे कार्ट्रिज हातात घे. एका कडेला कुलपाचे चित्र असलेला लहानसा खटका असतो, नखाने सरकतो. तो लिहिण्याच्या मनाईकडे सरकलेला असेल, तर रूट म्हणूनही त्या टेपवर लिहिता येणार नाही. ‘एमटी’च्या स्टेटसमध्ये अशा वेळी लिहिण्याची मनाई दाखवणारी खूण येते, आणि लिनक्सचा टेप ड्रायव्हर ती टेप लिहिण्यासाठी उघडताना ‘परमिशन डिनाइड’ म्हणत नाही, ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टम’ म्हणतो. पहिल्याचा एरर क्रमांक १३, दुसऱ्याचा ३०. आणि ड्राइव्ह दुसऱ्या कोणी धरून ठेवला असेल तर १६, ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’. तीन वेगळी वाक्ये, तीन वेगळी कारणे. मात्र कार्यालयात या तिघांनाही ‘परमिशनचा प्रॉब्लेम’ या एकाच नावाने हाक मारली जाते आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो. संदेश अक्षरशः वाच, आणि मला लिहिताना अक्षरशः उतरवून पाठव.

याच जातीचा एक प्रकार मी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पाहिला. जुना ड्राइव्ह बिघडला म्हणून एलटीओ-७ चा, म्हणजे एलटीओ जातीच्या टेपांच्या सातव्या पिढीचा, नवा ड्राइव्ह आला, कपाटातल्या टेपा एलटीओ-५ च्या होत्या. रिस्टोर व्यवस्थित होत होते, लिहिताना मात्र नकार येत होता, आणि तिथली मुले ग्रुप आणि मालकी बदलून बदलून दमली होती. एलटीओच्या सातव्या पिढीपर्यंतचा नियम असा की ड्राइव्ह दोन पिढ्या मागची टेप वाचतो, पण लिहितो फक्त एक पिढी मागच्या टेपवर. एलटीओ-८ आणि एलटीओ-९ मध्ये तर वाचणेही एकच पिढी मागेपर्यंत राहिले. बारकोडच्या शेवटी एल५, एल६, एल७ असे छापलेले असते ते याचसाठी. तिथे परवानगीचा प्रश्न मुळात नव्हताच.

चौथा नकार कॅटलॉगचा. व्हॉल्यूमची, म्हणजे बॅक्युलाने नोंदलेल्या टेपची किंवा फाइलची, स्थिती ‘फुल’, ‘यूज्ड’, ‘रीड-ओन्ली’ किंवा ‘एरर’ असेल तर बॅक्युला त्यावर पुढे लिहिणार नाही, टेप कितीही मोकळी असो. बीकन्सोल या बॅक्युलाच्या कमांड-खिडकीत ‘लिस्ट व्हॉल्यूम्स’ दिले की ते दिसते. ‘एरर’ची स्थिती का आली हे न पाहता ती ‘अपेंड’ (पुढे लिहिण्याजोगी) करून टाकणे मला मान्य नाही. डिस्कवर ठेवलेल्या व्हॉल्यूमचे थोडक्यात सांगतो: कोणी रूट होऊन ती फाइल दुसरीकडून कॉपी केली असेल तर मालकी रूटची होते आणि सर्व्हिसला ती उघडत नाही. तेवढ्याच फाइलची मालकी बदल, अख्ख्या डिरेक्टरीची तोंडे उघडी करू नकोस.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येतो, की बिघडते कुठे. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेले होते, धोक्याची पातळी ४५ फुटांची असताना. त्या पुरात एका संस्थेचा तळमजल्यावरचा सर्व्हर पाण्यात गेला. टेपा मिरजेत वरच्या मजल्यावर कोरड्या ठणठणीत होत्या, आणि पाणी ओसरल्यावर मला बोलावणे आले. नव्या मशीनमध्ये शेवटची टेप घातली, तर बॅक्युलाला व्हॉल्यूमचे लेबलच सापडेना. पहिला ब्लॉक वाचून पाहिला तेव्हा तिथे टार कमांडने टाकलेल्या चार-दोन फाइली होत्या. त्या सर्व्हरवर डिव्हाइसला कायमचे ७७७ होते. टेप अनमाउंट करून ड्राइव्ह मोकळा सोडलेला असताना एका साध्या यूजरने आपल्या फाइली ‘तात्पुरत्या’ म्हणून त्या टेपवर ठेवल्या होत्या. टेप सुरुवातीला गुंडाळलेली होती, लिखाण सुरुवातीपासून झाले, आणि नवे लिखाण जिथे संपते तिथेच ड्राइव्ह डेटाचा शेवट मानतो. पुढे फितीवर जुना डेटा असला तरी ड्राइव्ह तिथवर जात नाही. पुराने जे नेले नाही ते उघड्या परवानगीने नेले. त्याआधीच्या टेपवरून काम उभे राहिले, पण मधल्या दिवसांच्या नोंदी लोकांनी पावत्या गोळा करून हाताने भरल्या. बिघडते ते इथे.

तिथला एक सहकारी माझा जवळचा मित्र होता. ते ७७७ त्याने दिलेले होते आणि मी त्याला सर्वांदेखत विचारले की तेव्हा नकार कोणाचा होता हे तू पाहिले होतेस का. त्यानंतर आमचे बोलणे तुटले. मी आवाज चढवला याची खंत मला आजही आहे. प्रश्न विचारला याची नाही. तो प्रश्न मी पुढेही प्रत्येक ठिकाणी विचारत आलो. त्यापायी ‘यांना एका परमिशनला अर्धा दिवस लागतो’ असे ऐकून घेतले, कामे दुसऱ्यांकडे गेली. लागू दे अर्धा दिवस. ज्या मशीनचा नकार मी नीट समजून घेतला, तिथे त्याच कारणासाठी मला परत जावे लागले नाही, हे मी स्वतःच्या बचावासाठी म्हणून लिहितो आहे असे वाटले तरी चालेल.

तुझ्या वरिष्ठांना तू काय सांगायचे तेही लिहितो, कारण तिथेच तुझा धीर सुटतो आहे. त्यांना सुरक्षिततेवर व्याख्यान देऊ नकोस. एवढेच सांग की स्टोरेज सर्व्हिस ९१०३ पोर्टवर नेटवर्कवरून येणारी जोडणी ऐकते, ती रूटच्या नावाने चालवली आणि तिच्यात उद्या एखादी त्रुटी निघाली, तर आत शिरणाऱ्याच्या हाती टेपच नाही, सभासदांच्या खात्यांसह संपूर्ण सर्व्हर जाईल. आणि हे टाळायला एक यूजर एका ग्रुपमध्ये घालून सर्व्हिस रीस्टार्ट करण्याएवढेच काम आहे. आज संध्याकाळपर्यंतचा वेळ माग. ते देतील; नाही दिला तर हीच गोष्ट लेखी देऊन वेळ माग.

सर्व्हर एकदा रीबूट कर आणि ७७७ शिवाय, तू काहीही न करता, डिव्हाइसची ओळ कशी येते ते मला पाठव. सोबत सर्व्हिसच्या यूजरचे ‘आयडी’, त्याच्या नावाने चालवलेल्या ‘एमटी’चे उत्तर आणि लॉगमधला संदेश जसाच्या तसा. ग्रुपची दुरुस्ती झाल्यावर एक छोटा बॅकअप सर्व्हिसकडूनच टेपवर लिहून घे, तोच वेगळ्या डिरेक्टरीत रिस्टोर कर आणि मूळ फाइलींशी ताडून पाहा. नंतर पुन्हा रीबूट करून हे सगळे परत एकदा कर. शनिवारी दुपारनंतर मी घरीच आहे, अडलीस तर फोन कर, पण फोन करण्याआधी नकार कोणाचा आहे ते शोधून ठेव.

तुझा शुभचिंतक