पोफळीवरचे पांढरे चट्टे, चिऱ्यावरचा भगवा रंग आणि मंगळ

पावसाळा आला की या सदराकडे झाडं, भिंती, बुरशी असलेच प्रश्न येतात, यंदा तर निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीवर आलीत, म्हणजे लायकेनवर, बुरशी आणि शैवाल एकत्र राहून झाडांवर-दगडांवर जे चट्टे करतात त्यावर. म्हणून आज दुसरं काहीच घेत नाही.

आमच्या कुळागरात पोफळींच्या खोडांवर पांढरे, राखाडी, हिरवट चट्टे आलेत, माडांवरपण आहेत. शेजारी म्हणतो रोग आहे, खरवडून काढ नाहीतर बोर्डो मार. काय करू? — एक बागायतदार, काणकोण

काहीच करू नका. हे चट्टे लायकेनचे आहेत आणि लायकेन झाडाचं काही खात नाही. त्याला मुळं नसतात, पाणी आणि क्षार ते पावसातून, धुक्यातून, हवेतल्या धुळीतून घेतं आणि अन्न त्याच्या आतलं शैवाल उन्हावर तयार करतं, झाडाकडून त्याला बसायला जागा हवी असते फक्त. पोफळीची आणि माडाची साल आंब्या-फणसासारखी खवले होऊन सुटत नाही, खोडाचा पृष्ठभाग वर्षानुवर्षं तोच राहतो, त्यामुळे यांच्यावर ते छान जमतं. भिंग असेल तर त्या पांढऱ्या चट्ट्यावर धरून बघा, पुष्कळदा बारीक काळ्या वाकड्यातिकड्या रेघा दिसतील, अक्षरांसारख्या. ती ग्राफिस आणि तिच्या नात्यातली मंडळी, त्या रेघांमधूनच बुरशीचे बीजाणू बाहेर पडतात.

आता शेजाऱ्याचं म्हणणं येतं कुठून तर आजारी, पानं झडलेल्या फांदीवर लायकेन जास्त दिसतं म्हणून. पण पानं गेली की फांदीवर ऊन जास्त पडतं आणि म्हणून लायकेन वाढतं, फांदी त्याने मारलेली नसते. बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, कोळेरोगासाठी घोसांवर मारता ते ठीकच आहे, मोरचूदातल्या तांब्याने लायकेन मरतं हेही खरं, पण नुसत्या चट्ट्यांसाठी खोडावर फवारणी म्हणजे पैसे आणि माणसाचा दिवस फुकट. खरवडाल तर सालीला जखमा होतील त्या वेगळ्याच. बुंध्याशी तपकिरी द्रव गळतोय, झावळ्या पिवळ्या पडतायत असं काही असेल तर मात्र ते प्रकरण वेगळं, ते शेतकी खात्याच्या झोनल ऑफिसात दाखवा.

शाळेत शिकवलं होतं की लायकेन म्हणजे एक बुरशी आणि एक शैवाल. मुलगी कॉलेजात आहे, ती म्हणते आता तिसरा पण सापडला. खरं काय? — एक निवृत्त शिक्षिका, मडगाव

मुलगी बरोबर आहे, पण गोष्ट तिथे संपत नाही. लायकेन हा एक जीव नसून दोघांचा संसार आहे हे सायमन श्वेंडेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने 1867 मध्ये मांडलं तेव्हा लायकेनचे मोठमोठे अभ्यासक त्याच्यावर तुटून पडले होते, त्यांना ते वेडगळ वाटलं. पुढे तेच पाठ्यपुस्तकात गेलं आणि जवळजवळ दीडशे वर्षं तसंच राहिलं. अभ्यासक गमतीने म्हणतात की बुरशीला शेती जमली म्हणजे लायकेन झालं, आणि ते बऱ्यापैकी चपखल आहे कारण शैवालाने केलेल्या साखरेवर घर चालतं ते बुरशीचंच.

मग 2016 मध्ये टोबी स्प्रिबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायन्स या जर्नलमध्ये एक शोधनिबंध छापला. अमेरिकेतल्या मोंटानाच्या जंगलात झाडांवरून केसांसारखी लोंबणारी दोन लायकेन आहेत, ब्रायोरियाची. एक तपकिरी, ते तिथले आदिवासी भाजून-शिजवून खायचे. दुसरं पिवळसर आणि विषारी, त्यात वुल्पिनिक ॲसिड असतं. दोघांत मोठी बुरशीही तीच आणि शैवालही तेच, मग एक खायचं आणि एक विषारी हे कसं? जनुकांचा तपास केला तर दोघांच्या बाहेरच्या सालीत एक तिसरा निघाला, वेगळ्याच कुळातलं यीस्ट, आणि पिवळ्यात ते पुष्कळ जास्त होतं. मग त्यांनी जगभरातली इतर लायकेनं तपासली आणि कितीतरी जातींत असली यीस्टं सापडली. पेपरांत हेडलाइनी झाल्या, दीडशे वर्षांचं पाठ्यपुस्तक चुकलं वगैरे.

पण 2019 मध्ये दुसऱ्या एका गटाने 339 जातींच्या लायकेनचा डीएनए चाळला आणि त्यांना दिसलं की हे यीस्ट सगळीकडे नाही, बहुतेक जातींत ते मिळालंच नाही. म्हणजे तिसरा जोडीदार काही लायकेनांत आहे, सगळ्यांत असायलाच पाहिजे असं नाही. ही दुसरी बातमी कुठल्या पेपरात पहिल्या पानावर आलेली मी तरी बघितली नाही. शिवाय आत बॅक्टेरिया असतात, इतर बारीक बुरश्या असतात, कोण घरचा आणि कोण नुसता पाहुणा यावर अजून भांडणं चालू आहेत. आणि मला विचाराल तर ते भांडण त्या हेडलाइनीपेक्षा जास्त मजेशीर आहे.

याच वर्षी, म्हणजे 2019 मध्येच, आणखी एक समजूत हलली. जमिनीवर आधी लायकेन आलं, त्याने खडक फोडून माती केली आणि मग झाडं आली असं आपण सर्रास वाचतो. मॅथ्यू नेल्सन आणि मंडळींनी बुरशी आणि शैवालांच्या वंशावळी काळानुसार लावून बघितल्या तर आजच्या लायकेनांचे गट मूळ-खोडवाल्या वनस्पतींच्या नंतरचे निघाले. मुलीला सांगा, तिच्या पुस्तकात अजून जुनंच असेल तर सरांना विचार म्हणावं.

कंपाऊंडच्या चिऱ्यांवर आणि एका माडाच्या खोडावर भगवा-नारिंगी रंग चढलाय, कुणी फासल्यासारखा. हे पण लायकेनच का? — फोंडा

बहुतेक नाही. हे ट्रेंटेपोहलिया नावाचं शैवाल असावं, खरं तर ते हिरव्या शैवालांतलं, पण अंगात गाजरासारखी कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं इतकी की हिरवा दिसतच नाही. दमट हवा लागते, आपल्याकडे चिऱ्यांना आणि माडांना काय तोटा. ते एकटंही राहतं आणि बुरशीने धरलं तर लायकेनमध्येही जातं, उष्ण प्रदेशातल्या झाडांच्या सालीवरच्या लायकेनांत तर हेच शैवाल खूप असतं. नुकतंच 2025 मध्ये पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पश्चिम घाटातून एक नवी जात जाहीर केली, ॲलोग्राफा इफ्युसोसोरेडिका, तिच्या आतही हेच. त्या लोकांनी बुरशी आणि शैवाल दोघांचाही डीएनए बघितला, आपल्याकडच्या लायकेनांच्या कामात हे पूर्वी फारसं होत नसे.

आणि 2001 च्या जुलैमध्ये केरळात लाल पाऊस पडला होता तो आठवतोय? उल्का फुटली, परग्रहावरचे जीव आले, काय काय चाललं होतं. तपासणीत लाल रंग ट्रेंटेपोहलियाच्या बीजाणूंचा निघाला, तुमच्या कंपाऊंडवरच्याच्या भावकीतला.

जुन्या गोव्यातल्या चर्चच्या दगडांवर काळपट-पांढरे डाग असतात ते दगड खातात का? साफ का करत नाहीत? — पणजी

थोडंफार नुकसान करतात हे खरं. बुरशीचे तंतू दगडाच्या भेगांत शिरतात, ओलं झालं की फुगतं, सुकलं की आखडतं, आणि काही जाती ऑक्झॅलिक ॲसिड सोडतात. पण काही ठिकाणी तोच थर दगडाला पावसाच्या माऱ्यापासून वाचवतो असंही अभ्यासांत दिसलंय, म्हणून दगड कुठला आणि जात कुठली हे बघितल्याशिवाय हात लावत नाहीत. चिरा मऊ, तारेच्या ब्रशने घासला तर लायकेनबरोबर दगडाचा पापुद्राही जाणार. बॉम जेझुस चर्चचं म्हणाल तर तिथला गिलावा 1950 च्या दशकात काढून टाकला, चिरा उघडा पडला आणि पाणी मुरायला लागलं, त्यापुढे लायकेन हा किरकोळ आरोपी आहे.

लायकेन असेल तर हवा शुद्ध असं म्हणतात. आमच्याकडे लाल धूळ असते तरी झाडांवर चट्टे आहेत, मग? — डिचोली

हे अर्धंच खरं आहे. विल्यम नायलंडर यांनी 1866 मध्ये पॅरिसमध्ये बघितलं की लक्झेंबर्ग बागेत जी लायकेनं आहेत ती शहरात इतरत्र दिसत नाहीत, तिथून हे सुरू झालं. कोळशाच्या धुरातल्या सल्फर डायऑक्साइडने बऱ्याच जाती मरतात, आणि 1970 मध्ये हॉक्सवर्थ आणि रोज यांनी इंग्लंड-वेल्ससाठी झाडांवरच्या लायकेनांवरून हवेची 10 पायऱ्यांची मोजपट्टी केली. पुढे तिथला सल्फर कमी झाला, लायकेन लंडनला परत आली, पण आली ती बरीचशी अमोनिया आणि गाड्यांचा नायट्रोजन चालवून घेणारी. म्हणून चट्टे आहेत की नाहीत यापेक्षा कुठल्या जाती आहेत हे बघावं लागतं. कडक चिकटलेले चट्टे खूप सोसतात. पानासारखी सुटी कडा असलेली आणि केसांसारखी लोंबणारी नाजूक. तुलना करायची तर झाड एकाच जातीचं, उंची तीच आणि उजेड सारखा घ्या, नाहीतर रस्त्याकडेचा काजू आणि रानातला किंदळ यांची तुलना करून भलतंच काहीतरी सिद्ध कराल. धुळीतले धातू लायकेन अंगात साठवतं, त्यामुळे प्रयोगशाळेत तेच चट्टे पुराव्याला उपयोगी पडतात.

मसाल्यातलं दगडफूल म्हणजे हेच ना? मग आपल्याच झाडांवरचं काढून वापरलं तर? — म्हापसा

लायकेनच, पण वेगळं, पार्मोट्रेमा आणि तिच्या जवळच्या पानासारख्या जाती, बाजारात येतं ते पुष्कळसं हिमालयातून. झाडावरचं काढू नका, जात ओळखता येत नाही आणि वर डिचोलीकरांना सांगितलं तसं त्यात धातू साठलेले असू शकतात. वाढ वर्षाला काही मिलिमीटर, तेव्हा शागोतीला चिमूटभर पुरे. तेलावर नीट परतायचं तेवढं विसरू नका, कच्चं टाकलं तर नुसती माती लागते.

लायकेन मंगळावर जगतं हे खरं का? — इयत्ता आठवी, वाळपई

अजून कुणी तिथे नेलेलं नाही रे. पण 2005 मध्ये फोटॉन-एम2 या यानातून दोन जाती अंतराळात सुमारे दोन आठवडे उघड्यावर ठेवल्या, परत आल्या आणि ओलावा मिळाल्यावर पुन्हा कामाला लागल्या. 2025 मध्ये पोलंडच्या शास्त्रज्ञांनी मंगळासारखी हवा, दाब आणि क्ष-किरण एका चेंबरमध्ये तयार केले, डिप्लोस्किस्टिस मस्कोरम नावाचं लायकेन त्यात 5 तास होतं आणि तेवढा वेळ त्याच्या शरीराची कामं चालू होती. हे 5 तास लक्षात ठेव, लोक ते सांगत नाहीत.

आणि उलटी गंमत ऐक. हेच लायकेन गरम होत चाललेल्या पृथ्वीवर मागे पडेल अशी भीती आहे. वर आलेल्या मॅथ्यू नेल्सन यांच्याच गटाने 2022 मध्ये दाखवलं की पुष्कळ लायकेनांच्या आत असणाऱ्या ट्रेबॉक्सिया या शैवालाला हवामानाची सवय बदलायला लाखो वर्षं लागतात आणि आपण तर काही दशकांतच तापमान वाढवतोय. अंतराळात ते सुकून झोपलेलं असतं म्हणून टिकतं. इथे उकाड्याच्या रात्री ते ओलं आणि जागं असतं, अंधारात साखर बनत नाही पण श्वास चालू, गरमीत तो आणखी जोरात, म्हणजे कमाई शून्य आणि खर्च दुप्पट. म्हणूनच किनाऱ्याला जास्त करून चिकट चट्टेच दिसतात. तू वाळपईचा ना, मग कधी चोर्ला घाटात वर गेलास तर धुक्यातल्या झाडांच्या फांद्या नीट बघ, पानासारखी मोठी लायकेनं तिथे सापडतील, फोटो काढ आणि पाठव, काढून आणू नको.