खडकाळ डोंगरवाटेवर पहिल्यांदाच फोर बाय फोर न्यायची आहे, काय शिकून जाऊ?

तुमची गाडी मॅन्युअल गिअरची आहे, लो रेंज (वेग कमी, ओढ जास्त देणारे जादा गिअर) आहे, आणि तुम्ही विचारलंय की वाटेच्या तोंडापर्यंत जायची तयारी कशी करायची आणि पुढे दगडधोंड्यांतून गाडी कशी काढायची. नवखा माणूस चढायची चिंता करतो. माझं म्हणणं, अर्ध्यात अडकलेल्या चढावरून मागे यायला आधी शिका. बाकीचं वाटेवर जमत जातं, हे जमत नाही.

मी हे घाबरून शिकलो. सुट्ट्या दगडांचा चढ होता, वर पोहोचायला गाडीच्या लांबीइतकंच अंतर उरलेलं, आणि इंजिन बंद पडलं. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर १००० मीटर उंचीला साधारण १० टक्क्यांनी घटते, हे मला वाचून माहीत होतं, पण पायाला माहीत नव्हतं. सवयीने क्लच दाबला. क्लच दाबला की इंजिन चाकांना धरून ठेवत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. चढावर वजन मागे गेलेलं, त्यामुळे पुढची हलकी झालेली चाकं जागीच अडकून घसरू लागली आणि गाडी मागे सरकता सरकता आडवी व्हायला लागली. मागच्या चाकाला एक दगड आडवा आला म्हणून थांबली. शेजारी बसलेला मित्र बराच वेळ काही बोलला नाही. नंतर जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

करायचं ते असं. इंजिन बंद पडलं की ब्रेक घट्ट दाबा आणि हँडब्रेकही ओढा. गाडी अशी धरलेली असतानाच रिव्हर्स टाका, लो रेंज तशीच ठेवा आणि क्लच पूर्ण सोडा. आता गाडी गिअरने अडकलेली आहे. स्टिअरिंग सरळ करा, आरसे बघा, हँडब्रेक काढा, मग ब्रेक हळूहळू ढिला करत चावी फिरवा. इंजिन गिअरमध्येच सुरू होतं आणि गाडी रांगत खाली येते. बऱ्याच नव्या गाड्या क्लच दाबल्याशिवाय सुरूच होत नाहीत. तिथे ब्रेकवर गाडी धरून इंजिन सुरू करा आणि रिव्हर्समध्ये क्लच सोडा. एकदा सोडला की खाली येईपर्यंत क्लचला पाय लावायचा नाही. आणि चढावरच गाडी वळवून घेऊ, हा विचार मनातही आणू नका. आडव्या गाडीला उलटायला निमित्त लागत नाही. हे सगळं आधी एखाद्या छोट्या, मोकळ्या उतारावर आठ-दहा वेळा करून बघा.

पुढे तोंड करून उतरतानाही हाच नियम. लो रेंज, पहिला गिअर, क्लचवरून पाय बाजूला.

आता वाटेच्या तोंडापर्यंतचं. इंधनाचा हिशेब किलोमीटरवर करू नका, तासांवर करा. लो रेंजमध्ये दहा किलोमीटरला तीन तास लागले तरी नवल नाही, आणि त्यातला कितीतरी वेळ इंजिन जागच्या जागी चालू असतं. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. निघा पहाटे, कारण बर्फाच्या पाण्याचे ओढे सकाळी कमी असतात आणि ऊन चढेल तसे फुगतात. सकाळी घोट्याएवढं लागलेलं पाणी परतताना गुडघ्यापर्यंत आलेलं मी पाहिलंय. ओढ्यात आधी स्वतः उतरून बघा. चालताना पाय टिकत नसेल तर गाडीही घालू नका. इंजिनाने हवेऐवजी पाणी ओढलं की आतले कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेले दांडे, वाकतात.

डांबर संपलं की टायरमधली हवा कमी करा. रस्त्यावर ३२ पीएसआय ठेवत असाल तर २० च्या आसपास आणा. टायर लांबट पसरतो, दगडाला धरतो, आणि तुमचे मणकेही वाचतात. फार खाली गेलात तर टायर रिममधून निसटेल, शिवाय दगड थेट रिमला लागेल. हवा भरायचा पंप सोबत नसेल तर हवा काढूच नका.

मोठा दगड दिसला की तो दोन चाकांच्या मधून काढावासा वाटतो. तिथेच पोट घासतं. जमिनीपासून सगळ्यात कमी अंतर बहुधा डिफरन्शिअलच्या, म्हणजे दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या, गोळ्याखाली असतं, म्हणून शक्य असेल तिथे चाकच दगडावर चढवा. शंका आली की उतरा आणि पुढचा टप्पा चालून बघा. वाट दाखवायला एकच माणूस उभा करा, दोघं हात करायला लागले की गाडी तिसरीकडेच जाते. अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवू नका, चाकाला दगडाचा झटका बसला की ते मुरगळतात.

एकटे जाऊ नका, दुसरी गाडी हवीच. ती तुम्हाला ओढणार असेल तर पट्टा चेसिसच्या हुकालाच लावा, ट्रेलर जोडायच्या गोळ्याला कधीही नाही. तो गोळा तुटून काच फोडत आत येतो, माणसं मेली आहेत. परत डांबरावर आलात की लगेच टू व्हील करा आणि हवा भरा, तशा टायरवर वेगात जाऊ नका.